दहा फोन, तीस मुलं: अभ्यास घरी पोचवायचा कुठल्या वाटेने?

समजा गोवंडीत, मालवणीत किंवा भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत तुम्ही आठवी ते दहावीचा वर्ग घेता. पटावर तीस मुलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर सव्वीस नंबर. संध्याकाळी सातला टाकलेला अभ्यास त्याच रात्री उघडू शकणारी मुलं मात्र दहाच, कारण बाकीचे फोन वडिलांबरोबर रिक्षावर, आईबरोबर कामाच्या घरी किंवा मोठ्या भावाच्या खिशात आहेत. अशा वर्गासाठी कोणती पद्धत घ्यावी, याचा हा आढावा. आमचं मत आधीच सांगतो. पद्धत निवडताना वर्गातल्या सगळ्यात चांगल्या फोनकडे बघायचं नाही, सगळ्यात अडचणीतल्या फोनकडे बघायचं. आणि काम सगळ्यांना एकच द्यायचं, फक्त ते पोचवायच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या. ‘फोनवाल्यांचा अभ्यास’ आणि ‘बिनफोनवाल्यांचा अभ्यास’ असे दोन गट पडले की दुसरा गट महिन्याभरात मागे पडतो आणि मग त्याला कुणी विचारत नाही.

आधी चौकशी

‘घरी स्मार्टफोन आहे का?’ हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे. २०२१च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ होतं. पण फोन असलेल्या घरांतल्याही साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो हातात मिळतच नव्हता. आकडा खेड्यांचा आहे, पण मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही ‘घरात आहे’ आणि ‘मला मिळतो’ यांत तेवढंच अंतर असू शकतं.

म्हणून विचारायचं ते असं: फोन दिवसभर कुणाकडे असतो? घरी किती वाजता येतो? त्यावर किती भावंडं अभ्यास करतात? रिचार्ज कोणत्या तारखेला संपतो? स्टोरेज भरल्याची सूचना येते का? हे चिठ्ठीवर लिहून घ्या. वर्गात हात वर करायला सांगितलं, तर फोन नसलेलं मूलही हात वर करतं.

कौशल्याची चौकशी तोंडी करूच नका, करून दाखवायला सांगा. चार कामं पुरतात: वहीच्या पानाचा वाचता येईल असा फोटो काढणं, काल आलेली पीडीएफ पुन्हा शोधून उघडणं, अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट ग्रुपवर न टाकता फक्त शिक्षकांना पाठवणं, आणि लिंकवरून मीटिंगमध्ये येऊन माइक बंद करणं. रील झटक्यात बनवणारी मुलं दुसऱ्या कामाला हमखास अडतात. डाउनलोड झालेली फाइल फोनमध्ये नेमकी कुठे जाते, हे त्यांना कुणी कधी दाखवलेलंच नसतं.

एका नजरेत

| वाट | मुलाकडे काय हवं | तीस मुलांसाठी आठवड्याचा भार | कुठे अडतं |
|---|---|---|---|
| छापील पान | काहीही नाही | ४ बाजूंचे १२० ते २४० रुपये | समजावणार कोण? |
| व्हॉइस नोट आणि फोटो | कुणाचाही स्मार्टफोन, दिवसातून १५ मिनिटं | शिक्षकाचा दीड-दोन तास | ग्रुपमध्ये हरवतात |
| साधा फोन कॉल | कोणताही फोन | गटाने २ तास, एकेकट्याला ५ तास | वेळ जुळत नाही |
| लाइव्ह व्हिडिओ वर्ग | स्वतःचा फोन, डेटा, शांत कोपरा | ठरलेले तास | डेटा, आवाज, लाज |
| खोलीतला ऑफलाइन सर्व्हर | खोलीपर्यंत येणं | एकदाच खर्च, मग देखभाल | वीज, मेमरी कार्ड |

झेरॉक्सचा दर बाजूला १ ते २ रुपये धरला आहे. पाठपोठ काढली तर कागद निम्मा लागतो.

पान आणि आवाज

आमची पहिली पसंती या जोडीला, आणि कारण शुद्ध गणिताचं आहे. तीन मिनिटांची व्हॉइस नोट साधारण ४०० केबीची होते. तीन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपने दाबून लहान केला तरी सहज १५-२० एमबीचा. दिवसाचा दीड जीबी संपला की बहुतेक प्रीपेड पॅकांवर स्पीड ६४ केबीपीएसला येतो. त्या स्पीडला व्हॉइस नोट एका मिनिटाच्या आत उतरते. २० एमबीच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं लागतात, तीही मध्ये तुटला नाही तर. रात्री दहाला फोन हाती येतो तेव्हा भावाने क्रिकेट बघून कोटा संपवलेला असतोच. तेव्हाही चालणारी वाट हीच.

पण नोट करण्याची रीत आहे. नुसतं व्याख्यान रेकॉर्ड केलं तर मूल तिसाव्या सेकंदाला पुढे सरकवतं. नोट पानाला बांधलेली हवी: ‘दहावी, भूमिती, पान तीन, दुसरं उदाहरण. आकृतीत काटकोन कुठल्या बिंदूशी आहे, त्यावर बोट ठेवा. आता नोट थांबवा, कर्णाचा वर्ग वहीत काढा, मग पुढे ऐका.’ एक नोट, एकच अडचण, तीन मिनिटांच्या आत. नोट पाठवली की लगेच खाली एक ओळ टाइप करा: ‘भूमिती, पान ३, उदा. २’. ग्रुपमध्ये सगळ्या व्हॉइस नोटा सारख्याच दिसतात आणि परीक्षेच्या आधी शोधायच्या म्हटल्या तर ही ओळच हाताशी येते. ग्रुपवर पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, उत्तरं वैयक्तिक मागवा. नाहीतर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली भूमिती गाडली जाते.

पानावर एक सोडवलेलं उदाहरण, एक अर्धवट सोडवलेलं आणि दोन कोरी, एवढं पुरे. आवाज अजिबात न पोचलेल्या मुलालाही सोडवलेल्या उदाहरणावरून सुरुवात करता येते. पानं सोमवारी शाळेतच वाटावीत. न आलेल्यांची जवळच्या किराणा दुकानात किंवा बालवाडीत ठेवावीत.

पान फोनवर पाठवायचं असेल तर दोन खोड्या सांभाळा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल मुलाच्या फोनवर अगम्य चिन्हं दाखवते, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. पीडीएफ करून पाठवली की अक्षरं शाबूत राहतात. आणि ए-फोर पान सहा इंची पडद्यावर बोटांनी ताणून ताणून वाचावं लागतं; तीच फाइल ए-फाइव्ह आकारात, १६ पॉइंटच्या अक्षरात केली तर दोन पानं वाढतात पण वाचली जातात.

परत येणारे वहीचे फोटो ही डोकेदुखी मात्र खरी. फोटो ट्यूबलाइटखाली काढला तर हाताची सावली नेमकी उत्तरावर पडते. वही खाली ठेवून, दिवा समोर घेऊन, पान पडद्यात पूर्ण भरेल असा फोटो काढायला वर्गातच एकदा शिकवा. तरी रोज तीस वह्यांचे फोटो तपासू नका. दररोज सहा ठरवून घ्या, पाच दिवसांत वर्ग पुरा होतो.

साधा कॉल

याला कुणी डिजिटल शिक्षण म्हणत नाही, म्हणून तो मागे पडतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोट्सवानात साडेचार हजारांवर कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. काहींना आठवड्याला गणिताचा एसएमएस, काहींना एसएमएसच्या जोडीला वीसेक मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसने फारसं काही हललं नाही. फोनवाल्या मुलांचं गणित सुधारलं.

मुंबईत हे कसं बसवायचं? तीस मुलांना दहा-दहा मिनिटं म्हणजे आठवड्याला पाच तास, जे शिक्षकाला झेपणं कठीण. साध्या मोबाइलच्या कॉन्फरन्समध्ये पाच मुलं बसतात. सहा गट, वीस मिनिटं, दोन तासांत काम होतं. अनलिमिटेड कॉलिंग असल्याने वेगळा खर्च नाही. गट हुशारीनुसार करू नका, फोन घरी येण्याच्या वेळेनुसार करा. बोलण्याआधी प्रत्येकाने नाव सांगायचं, आणि चाळीतला टीव्ही मागे चालू असेल तर तेवढ्यापुरतं गॅलरीत यायचं. फोन करणारे सर असोत की बाई, वेळ आधी आईला विचारून ठरवा. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांना माहीत नसलेला संध्याकाळचा फोन हा वाट बंद होण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

आमच्या मते हा कॉल सगळ्यांसाठी नसावा. चिठ्ठ्यांवरून ज्या आठ-दहा मुलांना स्मार्टफोन मिळत नाही असं दिसतं, त्यांच्यासाठीच ठेवावा. बाकीच्यांना जे व्हॉइस नोटमधून मिळतं, ते यांना इथे मिळतं.

लाइव्ह वर्ग

शाळा चालू असताना वस्तीतल्या वर्गाला याची गरज फार कमी. चांगल्या दर्जाचा गट व्हिडिओ तासाला जीबीच्या आसपास डेटा खातो. दोन भावंडांचे दोन तास म्हणजे दिवसाचा दीड जीबी संपून वर उधारी. झूमच्या फुकट मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा, गूगल मीटच्या फुकट गट मीटिंगला ६० मिनिटांची. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती तर करूच नका. एका खोलीच्या घरात मागे स्वयंपाक चालू असतो, कुणीतरी झोपलेलं असतं; ते वर्गाला दिसावं असं कुठल्याच मुलाला वाटत नाही आणि मग ‘नेटवर्क नाही’ हे उत्तर येतं.

घ्यायचाच असेल तर दहावीच्या शंकांसाठी, आठवड्यातून एकदा, व्हिडिओ बंद ठेवून. पडद्यावर फळा दाखवायचा असेल तेवढीच पाच मिनिटं व्हिडिओ. बोर्डाचा पेपर शेवटी हातानेच लिहायचा आहे, त्यामुळे पडद्यावरचा तास लिखाणाच्या तासाला पर्याय होत नाही.

फॉर्म आणि क्लासरूम

गूगल फॉर्मची चाचणी शिक्षकाचं तपासणं वाचवते, म्हणून मोह होतो. ‘एकच उत्तर’ ही मर्यादा लावली किंवा फाइल अपलोड मागितली की फॉर्म गूगल खात्यातून साइन-इन मागतो, आणि फोन वडिलांचा असल्याने उत्तर वडिलांच्या खात्यातून जातं. दोन भावंडं एकाच फोनवर असतील तर दुसऱ्याला फॉर्म उघडतच नाही. दोन्ही सेटिंग बंद ठेवा. नाव टाइप करायला लावू नका, हजेरी क्रमांक यादीतून निवडायला द्या. एकाच नावाची तीन स्पेलिंगं जुळवण्यात तुमची रविवारची सकाळ जाते. गूगल क्लासरूम, म्हणजे अभ्यास देण्या-घेण्याचं ॲप, ज्या वर्गात बहुतेकांचा फोन स्वतःचा आहे तिथेच शोभतं. कुठलंही ॲप घेतलं तरी २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची संमती लागते, हे लक्षात ठेवून संमतीची सही प्रवेशाच्या वेळीच घ्या.

खोली असेल तर

मंडळाची, संस्थेची किंवा समाजमंदिरातली अभ्यासिका हाताशी असेल, तर चित्र बदलतं. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, १२८ जीबीचं मेमरी कार्ड, साधा वायफाय राउटर आणि त्यावर कोलिब्री हे धड्यांचं मोफत सॉफ्टवेअर: हाच तक्त्यातला ऑफलाइन सर्व्हर. इंटरनेट नसलं तरी मुलं फोनवर धडे आणि सराव उघडतात. सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. भाव सतत हलतात, दोन-तीन दुकानांत विचारा.

चुकतं कुठे, तर तीन ठिकाणी. मुलांचे फोन ‘या वायफायला इंटरनेट नाही’ म्हणून आपोआप मोबाइल डेटावर उडी मारतात. डेटा बंद करायला लावा किंवा ‘तरीही जोडलेलं ठेवा’ हा पर्याय निवडायला शिकवा. दुसरं, ब्राउझरमध्ये टाकायचा सर्व्हरचा पत्ता आकड्यांचा असतो आणि शेवटी ८०८०. तो कुणी अचूक टाइप करत नाही. क्यूआर छापून भिंतीला लावा. तिसरं आणि महागडं: स्विच तसाच ओढून बंद केला की कार्ड बिघडतं. रीतसर शटडाउन करणारी एक ताई किंवा दादा नेमा आणि भरलेल्या कार्डाची एक प्रत कपाटात ठेवा. वायफाय रास्पबेरी पायच्या आतलं न वापरता राउटरचं वापरा, वीस फोन एकदम आले की आतलं मान टाकतं.

बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर आणि ते उघडणारं सरकारी दीक्षा ॲप याच खोलीत बसतात: वायफायवर धडा एकदा उतरवून घेतला की नंतर नेटशिवाय चालतो. घरच्या जुन्या फोनवर ॲप टाकायला लावू नका, जागा नसते. टीव्हीवरचे धडे पूरक म्हणून ठीक. २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आलेल्या ‘टिलीमिली’ मालिकेने घराघरांत अभ्यास नेला, पण टीव्हीला शंका विचारता येत नाही. टॅब वाटण्याचा प्रस्ताव कुणी आणला तर एवढंच विचारा: काच फुटल्यावर कोण भरणार, आणि पुस्तक बदलल्यावर आतला अभ्यासक्रम कोण बदलणार? मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. २०१८ मध्ये आठवी आणि दहावीची पुस्तकंच बदलली.

मग निवड

रोज शाळेत येणारा वस्तीतला वर्ग: पान, व्हॉइस नोट, आणि फोन न मिळणाऱ्यांना गटाने कॉल. अभ्यासिका असेल तर त्यात सर्व्हरची भर, पण पान बंद करून नव्हे.

रात्रशाळेचं गणित उलटं. तिथे विद्यार्थी कमावता, फोन स्वतःचा, डेटाही असतो. नसतो तो वेळ. त्यांच्यासाठी व्हॉइस नोटच मुख्य ठेवा आणि ती दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी पाठवा, म्हणजे उतरून राहते आणि परतीच्या लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी ऐकता येते. यांच्यातल्या वयाने मोठ्यांना मराठी टाइप करायला अडचण येते. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून बोलून लिहिणं एका तासात शिकवता येतं.

दादर-पार्ल्याकडचा क्लास, जिथे जवळपास सगळ्यांकडे स्वतःचा फोन आणि घरी वायफाय आहे: क्लासरूम आणि आठवड्याचा लाइव्ह तास घ्या. तिथेही चिठ्ठी भरून घ्या, कारण वायफाय नसलेली दोन-तीन मुलं असतात आणि ती स्वतःहून सांगत नाहीत.

चिठ्ठी दर तीन महिन्यांनी नव्याने भरा. पॅक २८ दिवसांचे असल्याने रिचार्जची तारीख दर महिन्याला मागे सरकते. वहीत ती मुलाच्या नावासमोर लिहून ठेवलीत, तर त्या आठवड्याचं पान आधीच हातात देता येतं. आणि एखादा नंबर सलग तीन आठवडे ग्रुपवर मुका असेल तर मूल आळशी आहे असं धरू नका, आधी नंबर चालू आहे का ते बघा. ९० दिवस न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते, आणि पुढे तो नंबर दुसऱ्याच माणसाकडे जाऊन तुमची भूमिती तिथे ऐकली जाते.