जिताड्याच्या पाण्यात वायर लीडर: चार प्रकार पारखून

जिताडा चावून लाइन तोडत नाही. त्याचे दात म्हणजे पॉलिश पेपर, नायलॉन खरवडतात, बस. कापते ती कल्ल्याच्या झाकणाची करवती कड, तीही मासा उडी घेऊन डोकं झटकतो तेव्हा. त्याला इलाज साधा लीडर, म्हणजे मुख्य लाइन आणि ल्युर (नकली आमिष) यांच्यामधला जाड तुकडा: 50 ते 60 पौंडी (तेवढ्या ओढीला टिकणारं) फ्लोरोकार्बन, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकचा दोरा, किंवा जाड नायलॉन, साधारण 80 सेंटिमीटर, ब्रेडला, म्हणजे विणलेल्या मुख्य लाइनला, एफजी नावाच्या गाठीने. खारेपाटातल्या उघाडीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर), कांदळवनातल्या चिंचोळ्या नाल्यात फक्त जिताड्यासाठी गरवणारा वायर, म्हणजे धातूचा लीडर, बांधत असेल, तर तो दुकानदाराचं भलं करतोय.

खाडीच्या तोंडाशी ही चैन चालत नाही. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कुठेही भरतीच्या पाण्याबरोबर वाकटी आणि बाराकुडा आत घुसतात, खडकात तांबोशी असते, बाहेरच्या टोकाला सुरमई फिरते. ल्युर जिताड्यासाठी टाकलेला असतो, पण तो कोण आधी धरील ते आपल्या हातात नसतं. वाकटी आणि सुरमईचे दात पातीसारखे, 50 पौंडी फ्लोरोकार्बन एका चाव्यात सुटतं.

वायर घेण्याआधी तुटलेलं टोक बघा. टोक स्वच्छ, तिरकं कापलेलं असेल तर ते दातांचं काम. टोकाच्या वरचा 10-15 सेंटिमीटर भाग पांढरा पडून खरखरीत झाला असेल तर तो जिताड्याचा कल्ला, नाहीतर खडकावरची कालवं. इथे लीडर जाड करा, वायर नको. आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं असेल तर गाठ सरकली आहे, माशाला दोष देऊ नका. निम्मी वायर या तिसऱ्या कारणासाठीच विकली जात असावी.

आता प्रकार. आमच्या मते खाडीसाठी पहिला नंबर 49 तारांच्या स्टेनलेस वायरचा, 40 पौंडी. सात-सात तारांचे सात पीळ असल्यामुळे ती दोरीसारखी लवचिक राहते. 10-12 सेंटिमीटरचा मिनो (माशाच्या आकाराचा ल्युर) तिच्यावर मोकळा डोलतो आणि मासा लढल्यावरही ती फारशी वळत नाही. महाग आहे, पण तुकडा 20 सेंटिमीटरचाच लागतो. त्याहून लांब बांधू नका. वायर वजनदार असते, पॉपरचं (पाण्यावर आवाज करणाऱ्या ल्युरचं) नाक बुडतं, तरंगता मिनो पुढे झुकतो आणि जिताडा मागे येऊन परततो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात ती खपून जाते. थंडीत पाणी निवळलं की लांब वायरचा तोटा लगेच कळतो.

नायलॉनचं आवरण असलेली सात तारांची वायर स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. दुसरा नंबर, पण एका अटीवर. दातांनी आवरण फाटलं की खारं पाणी आत शिरतं आणि गंज आतून चढतो, वरून वायर नवीच दिसते. आवरणावर एक जरी कात्रा दिसला तरी तुकडा फेकायचा. एकेरी स्टील तार खडकावरून सुरमईसाठी उत्तम, बारीक आणि कापायला सगळ्यांत कठीण. पण एकदा मोडून वळली की त्या जागी तुटणार, म्हणून खाडीत नको. टायटॅनियम गंजत नाही, वाकून परत सरळ होते, मात्र वापरून थकलेली तार काही न दाखवता तुटते. त्या किमतीत 49 तारांचे कितीतरी तुकडे होतात.

(केंड, म्हणजे फुगणारा मासा, लागायला लागला तर कुठलीच वायर कामाची नाही. त्याच्या चार दातांची चोच ल्युरची शेपटी आणि पातळ गळ दोन्ही खाते. जागा बदला.)

तयार तुकड्यांपेक्षा घरी केलेले बरे, कारण बहुतेक वेळा वायर तुटतच नाही, स्लीव्ह (फासा दाबून धरणारी धातूची नळी) सुटते. 20 सेंटिमीटरचा तुकडा हवा असेल तर 32 कापा. दोन फासे बाकीचं खातात. दुहेरी नळीची तांब्याची स्लीव्ह घ्या, वायर दोनदा जेमतेम जाईल अशी. सैल स्लीव्ह कितीही दाबली तरी सरकते. ॲल्युमिनियमच्या स्लीव्ह नायलॉनसाठी, वायरला मऊ पडतात. वायर स्लीव्हमधून, मग स्विव्हलच्या (फिरत्या जोडाच्या) कडीतून, परत स्लीव्हमधून. टोक 2 मिलिमीटर बाहेर. दाबताना क्रिंपिंगचीच (स्लीव्ह दाबायची) पक्कड हवी. साध्या पक्कडीने नळी चपटी होते आणि तारा आत चिरडतात. दोन्ही कडांपासून 1-1 मिलिमीटर सोडून मधेच दाबा. कड दाबली की ती सुरीसारखी वायरवर बसते आणि पहिल्याच मोठ्या माशाला तिथून तुटते. दुसऱ्या टोकाला तसाच फासा, त्यात स्नॅप (ल्युर अडकवायची उघडझाप कडी).

मग खिळ्याला अडकवून मासळी तोलायच्या लटकत्या काट्याने 8 किलोपर्यंत ओढा. 40 पौंड म्हणजे साधारण 18 किलो, आणि 3 किलोचा ड्रॅग (रीळ लाइन सोडते ती ओढ) लावणाऱ्याला 8 पुरेत. स्लीव्ह तसूभरही हलली तर तुकडा बाद.

स्विव्हल रॉडच्या टोकाच्या कडीत ओढू नका, आतली सिरॅमिक रिंग तडकते. वायरच्या तुकड्याइतकं अंतर बाहेर ठेवूनच फेका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात 10 मिनिटं भिजवून पुसा आणि स्लीव्हच्या तोंडाशी बघा: तांबं आणि स्टील खाऱ्या पाण्यात एकत्र राहिले की गंज तिथूनच सुरू होतो. तपकिरी डाग दिसला तर वायर चांगली असली तरी तेवढा फासा कापून नवा करा. तुकडा 5-6 सेंटिमीटरने आखूड होईल, तेवढं चालतं.