एंटरप्राइज होडी, शिवसागरवर एक हंगाम: सगळं ठीक, सुकाणूच्या पिना सोडून

एंटरप्राइज वर्गाची होडी म्हणजे काय ते सांगत बसत नाही. चार मीटरची, दोघांनी चालवायची, निळ्या शिडांची, 1956 पासून जगभर चालते. मला लिहायचंय ते सुकाणू ज्यांवर टांगलेलं असतं त्या दोन पिनांबद्दल. दिवाळीनंतर सेकंड हँड घेतली, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोलीला ठेवली, आणि जानेवारीत भर पाण्यात वरची पिन तुटली.

दुपारी वारा धरला होता. वासोट्याच्या बाजूने एकदम झोत आला. अशा वेळी होडी नाक वाऱ्याकडे वळवायला बघते, तिला सरळ ठेवायला टिलर (सुकाणूचा दांडा) जोर लावून ओढून धरावा लागतो. तो सगळा ताण सुकाणूच्या पात्यावर आणि तिथून मागच्या फळीवरच्या दोन पिनांवर येतो. कट्ट आवाज झाला, टिलर हातात हलका झाला, होडी गर्रकन फिरली, बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) डोक्यावरून गेली आणि मुलगा पाण्यात. अंगात लाइफ जॅकेट होतं. त्याला ओढून वर घेतलं, एका पिनेवर लोंबणारं सुकाणू काढून आत टाकलं.

बिनसुकाणूची होडी चालवता येते, हे या निमित्ताने कळलं. पुढचं शीड आवळलं की नाक वाऱ्यापासून दूर जातं, मोठं शीड आवळलं की वाऱ्याकडे येतं, आणि वल्हं मागे धरलं की थोडीफार दिशा राहते. दोन शिडं आहेत म्हणून हे जमलं. एकाच शिडाच्या लेझर होडीवर फार जड गेलं असतं. शेवटच्या टप्प्यात वासोट्याहून ट्रेकर घेऊन येणाऱ्या लाँचवाल्याने दोर टाकला. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या, आधी पोराला चहा पाजा."

विकणाऱ्याचा अनुभव याच्या उलट. होडी देताना 'सगळं फिटिंग नवीन, मरीन ग्रेड स्टेनलेस' असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलंय. आता म्हणतो, गोड्या पाण्यात असं होतच नाही, तुम्हीच कुठेतरी आपटली असणार. नवीन जोडीचे साडेसहा हजार मागतो, वर कुरिअर!

तुटका तुकडा साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे नेला. त्याने आधी चुंबक लावलं. खटकन चिकटलं. "साहेब, हे स्टेनलेस न्हाई. लोखंडावर क्रोम चढवलाय." मग तुटलेलं तोंड उजेडात धरून दाखवलं. अर्ध्याहून जास्त भाग तपकिरी, जुना गंज. कडेची चंद्रकोरीएवढी पट्टी तेवढी लखलखीत. त्या दिवशी फक्त ती पट्टी तुटली होती. बाकीची पिन कधीचीच तडकलेली, म्हणजे मला विकली तेव्हाही बहुधा तशीच. त्याने सळईतून दोन पिना कातून, पट्टीला वेल्ड करून नऊशे रुपयांत दिल्या. गोड्या पाण्याला 304 दर्जाचं स्टेनलेसही चाललं असतं, पण पुढेमागे ही होडी कोकणात खाडीत उतरवायची आहे, म्हणून खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं 316 घेतलं.

घरी म्हणतात, दोन पिनांचं एवढं काय घेऊन बसलात. पण दिशा धरायचं साधन गेलं की भल्याभल्यांचे बेत फिरतात. 2018 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा संपवत आल्या असताना त्यांच्या तारिणी या शिडाच्या बोटीचं स्टीअरिंग बिघडलं आणि बेतात नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. एकट्याने, न थांबता जगाला फेरी मारणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, त्यांची बोट सुहैली आपल्या मुंबईत बांधलेली. 1968-69 च्या 312 दिवसांच्या फेरीत तिची आपोआप दिशा धरणारी यंत्रणा वाटेतच मोडली. आपल्या नौदलातून निवृत्त झालेल्या अभिलाष टॉमी यांनी एकट्याने जगाला फेरी मारायच्या 2022-23 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तसल्याच यंत्रणेच्या पात्यासाठी टॉयलेटचं दार वापरलं आणि दुसरा क्रमांक काढला. आमच्या उघड्या होडीत असं कापून वापरायला काहीच नाही, म्हणून आता सुटी पिन, नट-बोल्ट आणि पाना कायम डब्यात असतो.

इथवर जानेवारीअखेर लिहून ठेवलं होतं, खाली 'घेऊ नका' असंही लिहिलं होतं. आता एप्रिल आहे आणि ते वाक्य काढून टाकलंय. नव्या पिना बसल्यापासून टिलरला जराही खेळ नाही, त्यामुळे सकाळच्या पडत्या वाऱ्यातही होडी बोटाच्या इशाऱ्यावर वळते. पाणी उतरल्यावर मात्र हाल आहेत. शंभर किलोच्या आसपासचं धूड चिखलातून ओढत न्यायला चार माणसं लागतात, आणि उथळात सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी फळी) वर घ्यायला उशीर झाला की बुडालेल्या जुन्या खोडांवर घासतो.

मार्चमध्ये काठाजवळ नांगर टाकून, बूमवर ताडपत्री टाकून एक रात्र आत झोपून पाहिलं. सेंटरबोर्डची पेटी बरोबर मधोमध, त्यामुळे दोघांनी दोन बाजूंना कुशीवर पडायचं. पहाटे ताडपत्रीच्या आतून दव ठिबकतं आणि तळात साचलेलं पाणी पाठीखाली येतं. मुलगा तरीही पुढच्या वेळेची यादी करतोय. मोठ्या बोटीवर राहायचं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, माझ्याही.

विकणाऱ्याने नऊशे रुपयेसुद्धा दिलेले नाहीत. व्हॉट्सॲपचे मेसेज, तुटकी पिन आणि लेथवाल्याचं बिल जपून ठेवलंय, ग्राहक आयोगात तक्रार टाकणार आहे. तुम्ही सेकंड हँड बघायला जाल तेव्हा खिशात चुंबक ठेवा, आणि सुकाणू उतरवून पिना हातात घेऊन बघा. आणि सातारा-सांगली भागात कोणाकडे एंटरप्राइजचं पुढचं शीड पडून असेल तर कळवा. आमच्याची शिवण सुटत आलीय, आणि पावसाळ्यानंतर तलाव भरला की लगेच पाण्यात उतरायचंय.