तिएपोलो बाप की मुलगा? विचेन्झाच्या एकाच व्हिलात दोघंही बघा

तिएपोलो म्हणजे अठराव्या शतकातले व्हेनिसचे चित्रकार बापलेक, मोठा जांबातिस्ता, धाकटा त्याचा मुलगा जांदोमेनिको, आणि इटलीत विचेन्झाजवळच्या व्हिला वाल्मारानात 1757 साली दोघांनी भिंती वाटून घेतल्या, बापाने मुख्य घर रंगवलं, पोराने बहुतेक पाहुण्यांचं घर.

बापाकडे ग्रीक कथेतल्या इफिजेनियाचा बळी, देव, ढग, सगळं भव्य आणि उजेडाने भरलेलं, बघताना मान आपोआप वर जाते, हात तर त्याच्यासारखा त्या काळात कुणाचाच नव्हता हे मान्यच.

पण शेजारच्या घरात गेलात की एकदम जमिनीवर येता. शेतकरी कुटुंब उघड्यावर जेवायला बसलंय, साधे जाडेभरडे कपडे, कुणी कुणाला उपदेश करत नाहीये. मला तर इथून पाय निघत नाही!

आणि अशी वेगळी वाट धरणं पोराला सोपं नव्हतं हो, वर्षानुवर्षं वडिलांच्या हाताखाली काम, वुर्झबुर्ग काय, माद्रिद काय, सगळीकडे सोबत. वडील 1770 मध्ये माद्रिदमध्येच वारले, मग हा व्हेनिसला परतला, आणि पुढे व्हेनिसजवळच्या झिआनिगो गावात स्वतःच्या घरात कुणाच्याही ऑर्डरशिवाय रंगवत बसला. तिथलंच 1791 चं 'मोंदो नुओवो' (म्हणजे 'नवं जग') हे चित्र, आता व्हेनिसच्या का' रेझ्झोनिको संग्रहालयात आहे. जत्रेतला खेळ बघायला गर्दी जमलीये आणि जवळपास सगळे आपल्याकडे पाठ करून उभे, नुसत्या पाठी, टोप्या, एकजण स्टुलावर चढून लांब काठी धरलेला. खेळ काय चाललाय ते आपल्याला दिसतच नाही. बापाने असं कधी केलं नसतं.

एकच बघायला वेळ असेल तर मी पोराच्या बाजूने.