टी-रिंग भारी, पण चंद्र काही फोकस होईना

कॅनन १५००डी कॅमेरा घरात पडूनच होता आणि दुर्बीण पण होती, १३० मिमी आरशाची न्यूटोनियन, फोकल लेंथ ६५० मिमी, म्हटलं लावून टाकू दोघांचं लग्न. टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडायची कडी) आणि सोबत दुर्बिणीत घालायची सव्वा इंची नळी असा सेट ऑनलाइन मागवला, साडेबाराशेला पडला. रेटिंग आधीच सांगतो, पाचात तीन. कापलेले दोन सगळेच काही रिंगचे नाहीत, थोडे माझ्या घाईचे पण आहेत.

पहिल्या पार्सलमध्ये रिंगच चुकीची. पाकिटावर एम४२ छापलेलं त्यामुळे मी पण बिनधास्त. दोन आटे छान फिरले आणि मग जाम. अंबडला आमच्या कंपनीत लेथवर एक काका आहेत, त्यांना दाखवली तर त्यांनी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजायचा गेज लावला आणि म्हणाले, "अहो हा एकचा पिच आहे, नळीला पाऊणचा. जोर नका लावू, दोन्ही जातील." म्हणजे जुन्या स्क्रूवाल्या लेन्सचे आटे पण ४२ मिमीचेच असतात पण पिच १ मिमी आणि टी-थ्रेडचा, म्हणजे टी-रिंगच्या आट्यांचा, ०.७५, घेताना हा आकडा वाचूनच घ्या. मृगातल्या तेजोमेघाला पण एम४२च म्हणतात, मी तर पाकीट बघून आधी त्यावरच खूश झालो होतो! विक्रेत्याने बदलून दिली पण अकरा दिवस लावले आणि "सर सेम आयटम है" हे चारदा ऐकवलं.

दुसरी रिंग मात्र एक नंबर. पूर्ण धातूची, कॅमेऱ्यावर खटकन बसते, हलत नाही. कॅननच्या माउंटपासून सेन्सर ४४ मिमी आत, रिंग ११ची, टी-थ्रेडच्या ठरलेल्या मापाप्रमाणे मिळून ५५ व्हायला हवेत, व्हर्नियर लावून बघितलं तर बरोबर ११.

आता खरी गंमत. गच्चीवर सगळं जोडलं, फोकसर (फोकस करायला आत-बाहेर सरकणारी नळी) आत आत नेला, पार शेवटापर्यंत नेला तरी स्क्रीनवर चंद्राच्या जागी भाकरीएवढा पांढरा गोळा. अर्धा तास मी रिंगलाच शिव्या घालत होतो, पण दोष तिचा नव्हताच. या छोट्या न्यूटोनियन आयपीससाठी (डोळा लावून बघायच्या भिंगासाठी) बनवलेल्या, प्रतिमा फोकसरच्या तोंडाशीच तयार होते, आणि आपला सेन्सर तिथून साडेपाच सेंटीमीटर लांब बसलेला, मग तो तिथवर पोचणार कसा? काही जण आरसा पुढे सरकवायला लांब स्क्रू टाकतात, माझी हिंमत नाही झाली.

उपाय निघाला २एक्स बार्लो, म्हणजे फोकल लेंथ दुप्पट करणारं भिंग. त्याने प्रतिमा बाहेर ढकलली जाते. आणि बार्लो असा घ्या की ज्याचं वरचं तोंड उघडलं की खाली टी-थ्रेड असतो, रिंग थेट त्यावरच बसते. फोकल लेंथ १३०० होते, चंद्र सेन्सरवर साधारण १२ मिमीचा पडतो आणि सेन्सरची उंची १५च्या आसपास, म्हणजे अख्खा चंद्र मस्त मावतो. फक्त दुर्बीण चंद्रामागे फिरवणारी मोटर नसेल तर मिनिटभरात सरकत सरकत कडेला जाऊन कापला जायला लागतो.

कोजागिरीला इंदिरानगरच्या गच्चीवर हेच लावलं होतं. एरवी आयपीसला लाइन लागते आणि कोणीतरी धक्का मारतंच, यावेळी सगळे दुधाचे ग्लास घेऊन कॅमेऱ्याच्या स्क्रीनभोवती. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे हा तर इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतोय, खड्डे कुठेत?" आजींचं बरोबर होतं, पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. नंतर शुद्ध अष्टमीला परत लावलं, आयएसओ ४००, १/१२५, दोन सेकंदाचा टायमर, आणि उजेड-अंधाराच्या रेषेवर खड्डे असे उठून दिसले की आजींना परत वर बोलावलं.

तेजोमेघाचं मात्र विसरा, मोटरशिवाय एका सेकंदात ताऱ्यांच्या रेघा होतात, अंजनेरीच्या पायथ्याला थंडीत कुडकुडत जाऊन आलोय. आणि कॅमेरा जवळपास अर्धा किलोचा आहे, फोकसरचा लॉक स्क्रू आवळा आणि दुर्बिणीचं नळकांडं त्याला धरणाऱ्या रिंगांमध्ये सरकवून बॅलन्स करून घ्या नाहीतर तोंड हळूहळू खाली जातं.

सेटमधली सव्वा इंची नळी मला लागलीच नाही, नाशकात कोणाला हवी असेल तर सांगा, फुकट देतो.