युल, अठराशे रुपये आणि ओलं लाकूड

शुक्रवारी, १९ डिसेंबर २०२५ला, औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात वेळ अमावस्या जेवले, म्हणजे आमच्याकडचा शेतात पूजा करून तिथेच जेवायचा सण. रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी पहाटे पुण्यात उतरले आणि रविवारी संध्याकाळी सूसच्या पुढे एका फार्महाऊसवर ‘युल सर्कल’ नावाच्या कार्यक्रमात मांडी घालून बसले. तिकीट लेकीने काढलं होतं, माणशी १८०० रुपये. मी म्हटलं, अगं, एवढ्यात लातूरला जाऊन-येऊन वर हुरडा पार्टी होते. ती म्हणाली, आई, तू तीस वर्षं भूगोल शिकवलास, एकदा अयनदिन साजरा करून तर बघ. डिसेंबरातला अयनदिन म्हणजे सूर्य दक्षिणेचं टोक गाठून वळतो तो, आपल्याकडचा वर्षातला सर्वांत लहान दिवस. मास्तरणीला असं कोणी म्हटलं की जावंच लागतं.

जागेचं आणि चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. दोघी तरुण मुली आहेत, पहिलाच हिवाळा आहे त्यांचा, आणि मला त्यांचं नुकसान करायचं नाही. पण पैसे भरले आहेत, तेव्हा जे पटलं नाही तेही लिहिणार.

ज्यांना युल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी: उत्तर युरोपात ख्रिस्ती धर्म पोहोचण्याआधीपासून ऐन हिवाळ्यात होणारा हा सण. मोठा ओंडका पेटवायचा, खायचं-प्यायचं, सदाहरित झाडांच्या फांद्या घरात आणायच्या. पुढे यातलं बरंचसं नाताळात मिसळून गेलं. हल्ली स्वतःला पेगन म्हणवणारी माणसं तो पुन्हा वेगळा काढून साजरा करतात. कोणत्याही मोठ्या धर्माच्या चौकटीत न बसता ऋतूंप्रमाणे सण करायचे, अशी त्यामागची कल्पना. वर्षाला आठ सण, सुमारे दीड-दीड महिन्याच्या अंतराने, आणि त्या सगळ्यांचं मिळून एक चक्र.

आमच्या पुढ्यात त्या चक्राचा रंगीत तक्ता होता आणि चालवणाऱ्या दोघींपैकी एकीने सांगितलं, ‘हे पाच हजार वर्षं जुनं आहे.’ इथे मी हात वर केला. सवयच ती. सूर्याच्या अयनांवर लक्ष ठेवणं पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे, यात वाद नाही. आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं दगडी थडगं साधारण तेवढंच जुनं, आणि डिसेंबरच्या अयनदिनाला उगवत्या सूर्याचा किरण तिथल्या लांबलचक बोळातून थेट आत पोहोचतो. युलही जुनं. पण आठ आऱ्यांचं हे अख्खं चाक विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जोडलं गेलं. त्यात ‘विक्का’ नावाचा आधुनिक चेटूक-पंथ पुढे आणणारे जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड पंथाचे रॉस निकोल्स यांची नावं घेतली जातात. जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा तिथे १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर ही मंडळी उघडपणे बोलू लागली. तक्त्यावरची ‘लिथा’ आणि ‘मेबन’ ही नावं तर सणांना १९७०च्या दशकात एका अमेरिकन माणसाने दिली, एडन केली त्याचं नाव. मुलगी जरा हिरमुसली. मला वाईट वाटलं. सण नवा असला म्हणून काय बिघडलं? पुण्याचा सार्वजनिक गणेशोत्सवसुद्धा १८९०च्या दशकातला, आणि त्याच्यापुढे आज लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. नव्याला जुनं म्हणून विकू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

आता सजावट. दारावर हिरव्या फांद्यांचं कडं, त्यात बाहेरून मागवलेली पाइनची बोंडं आणि खाली पसरलेला कापूस. कापूस म्हणजे बर्फ. अहो, इथे दुपारी मी स्वेटर काढून कमरेला बांधला होता! सुरूला इवली इवली बोंडं लागतात, ती फुकट मिळाली असती. धुपासाठी जुड्या होत्या व्हाइट सेजच्या. ही वनस्पती कॅलिफोर्नियाची, तिथल्या आदिवासींच्या विधींतली, आणि बाजारासाठी ती रानातून ओरबाडली जाते म्हणून ते लोक तक्रार करत असतात. युरोपच्या सणाला अमेरिकेचा धूर, तोही सूसमध्ये. आपल्याकडे ऊद आहे, धूप आहे, काही नाही तर कडुनिंबाचा पाला आहे.

जेवणाच्या ताटाला ‘सीझनल’ म्हटलं होतं. भाजलेलं रताळं होतं, ते छान होतं, सालीसकट आणि वर जाडं मीठ. बाकी रोझमेरी घातलेले बटाटे, कुठल्याशा बेकरीतला फ्रूट केक आणि दालचिनी-लवंग घालून उकळलेला सफरचंदाचा रस, कागदी पेल्यात, दात शिवशिवतील इतका गोड. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या मंडईत ओला हरभरा, पावटा, बोरं, पेरू, गाजरं यांचे ढीग असतात. हंगाम साजरा करायला आलेल्यांच्या ताटात त्यातलं एकही नाही. दोनच दिवसांपूर्वी शेतात जेवलेली बाई मी. आमच्याकडे वेळ अमावस्येला कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, तिच्यात दगडाचे पाच पांडव मांडतात, चुना लावून. भज्जी असते, म्हणजे शेतात त्या दिवसांत जे जे असेल ते सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवायचं. आंबील असते, उंडे असतात. मी त्या भज्जीच्या पातेल्यावरून उठून आलेली, मला रोझमेरीचं काय कौतुक.

भूगोलाचीही थोडी उजळणी करते, कारण कार्यक्रमात ती गडबडली. ओस्लोत या दिवशी सूर्य सहा तासही दिसत नाही. तिथल्या माणसाने ‘सूर्या, परत ये’ म्हणून ओंडका पेटवला तर त्यात जीव आहे. पुण्यात सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो आणि दुपारी सूर्य चांगला ४८ अंश वर असतो. तो गेलाच नाही, तर परत काय येणार! दुसरं म्हणजे, सूर्य मावळला की ‘हाच तो क्षण’ म्हणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. या वर्षी अयनाचा क्षण आपल्या घड्याळात रात्री ८ वाजून ३३ मिनिटांनी होता. मी मनगटावर नजर ठेवून होते. सूर्य दक्षिणेचं टोक गाठून वळला तेव्हा आमचा ग्रुप फोटो चालला होता.

एकाने विचारलं, मग मकरसंक्रांत म्हणजे हेच ना? हेच होतं, साधारण सतराशे वर्षांपूर्वी. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे नक्षत्रांच्या मानाने अयनबिंदू ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. संक्रांत नक्षत्रांना धरून राहिली आणि सरकत सरकत जानेवारीच्या मध्यावर गेली. गंमत म्हणजे सरकारने १९५७ साली जी राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली, मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेली, तिच्यात पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरलाच येते. म्हणजे खरं उत्तरायण धरून सण करायचा तर कुणा परदेशी चक्राकडे जायला नको, सरकारी कॅलेंडर बघा. हे मी सांगितलं तेव्हा समोरच्या आयटीतल्या मुलाने ‘कूल’ म्हटलं. मी चांगल्या अर्थाने घेतलं.

मग ओंडका. हा खरा घोळ. गुलमोहराचं भलंमोठं खोड आणून ठेवलं होतं, सालीखाली अजून ओल. त्यावर दालचिनी, लवंगा, रोझमेरीची आरास केलेली, दिसायला झकास. पेटेल कसं? वीस मिनिटं नुसता धूर. बावीस माणसं डोळे चोळतायत, दोघी मुली पुठ्ठ्याने वारा घालतायत. शेवटी मला राहवलं नाही. राखणदाराच्या बायकोला विचारलं, गोवऱ्या आहेत का गं? तिने दोन गोवऱ्या आणि नारळाच्या शेंड्या आणून दिल्या. म्हटलं, हा बाप्या बाजूला सारा, आधी खाली लहान काटक्या रचा, मध्ये शेंड्या कोंबा, वर गोवरी उभी टेकवा, तिला खालून हवा मिळाली पाहिजे. कापूर एकीच्या पर्समध्ये निघाला.

सगळं रचून झालं तशी ती मुलगी काडेपेटी माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘काकू, तुम्ही वयाने सगळ्यांत मोठ्या आहात ना, तुम्हीच पेटवा.’

इथे मला जरा थांबून लिहावं लागणार आहे. माझ्या यजमानांना जाऊन सात वर्षं झाली. शुक्रवारी शेतात पांडवांच्या पूजेला दीर आणि जाऊ बसले होते, मी पातेल्याशी. कोणी काही म्हणत नाही, माझ्या जावेइतकी मायाळू बाई मिळायची नाही, पण पूजेला जोडपं बसतं, हे ठरलेलं. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात, ती पुतण्या घेऊन पळाला. पुण्यात आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. आता बोलावतात मलाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर आमच्या बायकाही जरा बदलल्या. पण कुंकवाची कोयरी घेऊन येणारी माझ्यापाशी आली की तिचा हात अर्धा सेकंद अडखळतो. लावू का नको? तो अर्धा सेकंद मला दर वर्षी आधीपासून दिसायला लागतो, भोगीची भाजी निवडताना सुद्धा. मग मी हसून कपाळ पुढे करते, म्हणजे तिची सुटका होते.

त्या मुलीचा हात अडखळला नाही. तिला माहीतच नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. मी काडी ओढली. पहिली विझली, दुसरीने कापूर धरला, मग शेंडी, मग गोवरी कडेने लाल होत गेली. सात वर्षांत मी माझ्या देवघरातला दिवा सोडून दुसरीकडे कुठे पहिली ज्योत लावली नव्हती, हे मला ती लावताना कळलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुराने, असं लेकीला सांगितलंय.

त्यानंतरचा भाग या कार्यक्रमातला सर्वांत चांगला. बाकीचे सगळे दिवे घालवून पंधरा मिनिटं गप्प बसायचं. संगीत नाही, मंत्र नाही, कुणाचं मार्गदर्शन नाही. अमावस्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे चंद्रकोर कधीच मावळली होती. लांबून हायवेचा आवाज, एक कुत्रं, मध्येच कुणाच्या तरी फोनची थरथर. पूर्वेला मृग वर आलेला, त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सरळ दिसत होते. पुण्यात इतक्या माणसांसोबत इतका वेळ कुणीच बोललं नाही, असं मी शेवटचं परीक्षेच्या वर्गात अनुभवलं होतं.

मग चिठ्ठ्या वाटल्या. जे मागे सोडायचंय ते लिहून जाळा म्हणे. हा प्रकार मला आधी पोरकट वाटला. शेजारच्या मुलाने पानभर लिहिलं. मी तीन शब्द लिहिले, ते इथे लिहिणार नाही. कागद हातातल्या घामाने जरा ओलसर झाला होता, तो लगेच पेटला नाही, कडेने काळा होत बराच वेळ तसाच पडून राहिला.

कामाची माहिती: गाडी असेल तर पाचच्या आत पोहोचा, शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि वळायला जागा नाही. बसायला पातळ चटया आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची आधी मागून ठेवा, मागितली की देतात. शाल न्या, सातनंतर गारठा चढतो. स्वच्छतागृह एकच, पण स्वच्छ. सगळं बोलणं अर्धं इंग्रजीत. मराठीत सांगा म्हटलं तर आनंदाने सांगतात, फक्त शब्द शोधावे लागतात त्यांना. १८०० रुपये जास्त आहेत. हजार ठीक होते, आणि ताटात हुरडा असता तर मी बाराशेही दिले असते. पाचपैकी तीन तारे. दोन तारे अंधाराला, एक काडेपेटीला.

१ फेब्रुवारीला त्यांच्या चक्रातला पुढचा सण आहे, इंबोल्क नावाचा, वसंताची चाहूल वगैरे. आपल्याकडे तोवर शिशिर असतो आणि पानगळ, त्यामुळे मी जाणार नाही, तसं त्यांना कळवलं. परवा त्या मुलीचा मेसेज आला, ‘काकू, पुढच्या डिसेंबरला ओंडक्याऐवजी तुम्ही म्हणाला होता तशी पेंढी करू या का? कडबा पुण्यात कुठे मिळतो?’ मी म्हटलं, मांजरी गावाच्या बाजूला गोठे आहेत, तिथे विचार. भाव मात्र मलाही माहीत नव्हता, म्हणून दिरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वहिनी, जनावरं किती आहेत त्यांच्याकडं?’