भाकरी कडक, मावशी त्याहून कडक

बोर्ड नाही. सात रस्त्याकडून येताना मेडिकलशेजारच्या बोळात निळा पत्रा दिसला की तीच खानावळ. चार टेबलं, एक कूलर (मे महिन्यात नुसता आवाज करतो), हात धुवायला पिंप. सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा मग जपून वापरा. मावशी बघत असतात.

थाळी 80 रुपये. दोन भाकऱ्या, पिठलं नाहीतर डाळ-वांगं, शेंगाचटणी, कांदा. भाताचे 20 वेगळे. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी. चटणी उखळात कुटलेली, बोटानं दाबली की तेल सुटतं; मिक्सरच्या चटणीचा नुसता भुगा होतो. कडक भाकरीचं पाकीट वेगळं मिळतं, आठवडाभर काही होत नाही. डाळ मात्र जाळ. पेशंटसाठी नेणार असाल तर आधी सांगा, नाहीतर माझ्यासारखं वरून पाणी ओतत बसाल.

मी इथं 23 दिवस जेवलो. मंडळींचं (बायको म्हणतोय, चर्चची नव्हे) पोटाचं ऑपरेशन झालं, टाके पिकले, आयसीयूतला मुक्काम वाढला. मी टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा. रजा संपली, पुढचे दिवस बिनपगारी. चर्चची मंडळी यायची, डोळे मिटून प्रार्थना करायची, जाताना 'देवाची काहीतरी योजना असते' म्हणायची. माणसं चांगली आहेत, पण दहाव्या दिवशी ते वाक्य ऐकलं की उठून जावंसं वाटायचं. बायबलमधलं वाचायला जमत होतं ते एकच, 88 वं स्तोत्र. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, अंधारावरच संपतं. तेवढं खरं वाटायचं.

अकराव्या रात्री डॉक्टरांनी कागदावर सही घेतली. मी खाली येऊन खानावळीच्या पायरीवर बसलो. शटर अर्धं पडलं होतं. मावशी मुलाशी तेलुगूत बोलतात, आमच्याशी सोलापुरीत. "जेवला का ओ अण्णा?" नको म्हटलं. तरी ताट आलं. गरम भाकरी, चटणी, पाण्याचा तांब्या. दोन घास खाऊन मी तसाच बसून राहिलो, तर भांडी घासता घासता आतून पुन्हा आवाज, "खा की ओ, रात लई मोठी हाय."

तेव्हा बायबलमधला संदेष्टा एलीया आठवला. पहिले राजे, अध्याय 19. झुडपाखाली पडून देवाकडं मरण मागतो. देवदूत येतो, पण उपदेश एका शब्दाचा नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचा चंबू, ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा तेच: ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही. तीस वर्षं रविवारी ही गोष्ट ऐकतोय. पुढचा वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटचा देवाचा मंद आवाज तेवढा मला पाठ. त्याच्या आधी भाकरी आहे, तीही दोनदा, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. पंडिता रमाबाईंना ते ठाऊक असणार. आईवडील दुष्काळात गेलेले, आणि पुढं दुष्काळातल्या मुली केडगावला आणून त्यांनी जगवल्या. पुण्याला जाताना गाडी तिथूनच जाते, मी खिडकीतून बघितलंही नव्हतं.

त्या रात्री ताट पुसून खाल्लं आणि वर जाऊन बाकड्यावर झोपलो. अकरा दिवसांतली पहिली झोप.

पुढं एकदा मावशींना म्हटलं, त्या रात्री तुम्ही देवदूतासारख्या आलात. म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या, मागचे 160 द्या आधी." दिले.

बायको आता घरी आहे. जिना चढताना अजून दम लागतो. मागच्या शनिवारी तिला घेऊन गेलो, तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि चटणी बांधून घेतली. चार तारे. एक कापला तो डाळीचा. यूपीआय नाही, अमावस्येला बंद, सुट्टे घेऊन जा.