बेघर माजी सैनिक स्त्रियांसाठी वेळ द्यायचाय: शेल्टर, व्हीए हॉस्पिटल की स्टँड डाउन?

अमेरिकेत बस्तान बसलं, मुलं शाळेत रुळली, की बऱ्याच मराठी घरांत विषय निघतो: आठवड्यातून थोडा वेळ कुठेतरी सत्कारणी लावावा. फूड बँक, लायब्ररी ही नेहमीची ठिकाणं. हल्ली बेघर माजी सैनिक स्त्रियांसाठी काही करता येईल का, असंही विचारणारे भेटतात, आणि त्यांच्या मनात फक्त शेल्टर असतं. खरं तर या कामाला निदान तीन दारं आहेत: शेल्टर, व्हीएचं (म्हणजे माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याचं) हॉस्पिटल आणि स्टँड डाउन, म्हणजे बेघर माजी सैनिकांसाठी भरणारा मदतीचा मेळावा. प्रत्येक दारातून आत गेल्यावर वेगळंच काम हातात पडतं. माझं मत आधीच सांगते: कुठे जायचं हे कळकळ किती आहे त्यावरून ठरवू नका, कॅलेंडर उघडून ठरवा.

त्याआधी एक खुलासा. सैनिकाच्या घरातली बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वीरपत्नी येते. साहजिक आहे. भारतीय सैन्यात वैद्यकीय आणि नर्सिंग सेवा सोडल्या तर स्त्रिया अधिकारी म्हणून यायला लागल्या त्या १९९२ पासून. अमेरिकेत १९४८ च्या कायद्याने स्त्रियांना सैन्यात कायमची जागा मिळाली आणि आज स्वतः गणवेशात नोकरी केलेल्या माजी सैनिक स्त्रिया २० लाखांच्या आसपास आहेत. जानेवारी २०२३ मध्ये एका रात्रीची देशभर मोजणी झाली तेव्हा ३५,५७४ माजी सैनिक बेघर आढळले, त्यांत स्त्रिया जवळजवळ चार हजार. ही मोजणी रस्त्यावर, गाडीत किंवा शेल्टरमध्ये झोपलेल्यांची असते. मुलांना घेऊन आज या मैत्रिणीच्या सोफ्यावर, उद्या त्या बहिणीकडे अशी दिवस काढणारी बाई तिच्यात धरलीच जात नाही, आणि बायकांच्या बाबतीत हेच जास्त घडतं.

शेल्टर

केवळ माजी सैनिक स्त्रियांसाठी चालणारी घरं थोडी आहेत. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड सेंटर अँड होम फॉर व्हेटरन्ससारख्या ठिकाणी पुरुष आणि स्त्रिया दोघेही राहतात, बायकांची राहण्याची सोय वेगळी असते. फायनल सल्यूट ही संस्था मात्र खास स्त्रियांसाठी निघाली. २०१० मध्ये ती सुरू करणाऱ्या जॅस बूथ स्वतः सैन्यात अधिकारी होत्या. २००५ च्या कॅटरिना वादळात त्यांचं घर गेलं, पाठोपाठ कॅन्सरचं निदान झालं, पदरात मूल होतं, आणि तरीही त्यांच्या परिस्थितीतल्या बाईला चपखल बसेल अशी मदत सापडेना. मूल हा इथला कळीचा मुद्दा आहे. २०११ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पाहणी केली तेव्हा व्हीएच्या अनुदानावर स्त्रियांना ठेवून घेणाऱ्या संस्थांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ठिकाणी मुलांना जागा नव्हती. म्हणजे आईने छप्पर घ्यायचं की मुलं जवळ ठेवायची, असा प्रश्न.

शेल्टरमध्ये व्हॉलंटिअरच्या वाट्याला काय येतं? युद्धाच्या गोष्टी ऐकणं तर नाहीच. दाराशी नावनोंदणीचं रजिस्टर सांभाळणं, लॉन्ड्रीच्या पाळ्या लावणं, आईची मुलाखत चालू असताना तिच्या मुलाचा गृहपाठ घेणं, नोकरीचा अर्ज ऑनलाइन भरताना शेजारी बसणं. आणि देणग्यांची खोली. काळ्या पिशव्या उघडायच्या आणि वेगळं काढत बसायचं: पुरुषी एक्स्ट्रा-लार्ज टी-शर्ट, दाढीची रेझर्स, एकेका पायाचे बूट, कुणाच्या तरी कंपनीचा लोगो असलेल्या टोप्या. माजी सैनिक म्हणजे पुरुष हे देणाऱ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं असतं की जे खरोखर लागतं, नव्या ब्रा, अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, मुलाखतीला घालण्याजोगी पँट, ते पिशवीच्या तळाशीही सापडत नाही. हे काम कंटाळवाणं आहे. ज्यांना ते कंटाळवाणं असूनही जमतं त्यांनीच या दाराने जावं.

हे दार निवडण्याआधी विचार करायचं दुसरं कारण जास्त गंभीर. व्हीएच्या दवाखान्यात विचारणा झाल्यावर तीनपैकी जवळपास एक स्त्री सांगते की सैन्यात असताना तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला किंवा तिचा लैंगिक छळ झाला. हे करणारा बरेचदा आपल्याच तुकडीतला, कधी वरिष्ठ. अशा घरात वागण्याचे नियम त्यावरून ठरतात. झोपलेल्या बाईला हात लावून उठवायचं नाही, दारातून नाव घेऊन हाक मारायची. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. तिने भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसायला खुर्ची फिरवली, तर ती पुन्हा सरळ करायची नाही. आपल्याकडची 'काय गं, कुठली तू, लग्न झालंय का, मुलं किती' ही आपुलकीची सरबत्ती तर दाराबाहेरच ठेवायची. पत्ता कुणाला सांगायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेल्फी अजिबात नाही.

तिसरं, सातत्य. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, निदान सहा महिने, एवढं जमत असेल तरच हो म्हणा. दोन-तीनदा येऊन गायब होणारी माणसं या बायकांनी पुष्कळ पाहिलेली असतात. प्रकल्पाची डिलिव्हरी आली की आठवडेच्या आठवडे घराबाहेर न पडणारी आयटीतली मंडळी इथे बसत नाहीत. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, घरून पोहे करून न्यायचा बेत असेल तर आधी फोन करा. घरी शिजवलेलं अन्न बऱ्याच संस्था घेत नाहीत. त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन रांधायला मात्र आनंदाने बोलावतात.

व्हीए हॉस्पिटल

इथली शिस्त सरकारी आहे. व्हीएची व्हॉलंटिअर यंत्रणा १९४६ पासून चालत आलेली. अर्ज, ओरिएंटेशन, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, काही कामांसाठी आरोग्य चाचण्या. सगळं होऊन बॅज हातात पडेपर्यंत आठवडेही जातात. पण एकदा आत गेलात की शिफ्ट ठरलेली, वर देखरेख करणारं माणूस ठरलेलं आणि काम नेमकं. नोकरीच्या वेळा ज्यांच्या पक्क्या आहेत, किंवा ज्यांना 'नक्की काय करू' हे कुणीतरी सांगावं असं वाटतं, त्यांना हे बरं पडतं.

तोटा असा की तुम्ही फक्त बेघर बायकांसाठी काम करणार नाही. येणाऱ्यांत पुरुषच बहुसंख्य. म्हणूनच इथे एका बाईची, दारातल्या डेस्कवर बसलेल्या का होईना, किंमत वाढते. रांगेत उभ्या असलेल्या माजी सैनिक बाईला 'तुमचे मिस्टर कुठे आहेत?' असं विचारलं जाणं ही या वर्तुळातली जुनी तक्रार आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चारपैकी एका स्त्रीने व्हीएच्या आवारात पुरुष रुग्णांकडून शेरेबाजी किंवा छळ झाल्याचं सांगितलं होतं. ज्या बाईला हे एकदा भोगावं लागलं, ती पुढची अपॉइंटमेंट टाळते. आणि घर मिळवून देणारा सोशल वर्कर त्याच इमारतीत बसतो.

गाडी चालवायची आवड असेल तर आणखी एक वाट आहे. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स ही संघटना माजी सैनिकांना घरून हॉस्पिटलला नेण्या-आणण्याची सेवा चालवते, चालक सगळे व्हॉलंटिअर. व्हीएकडून शारीरिक तपासणी करून घ्यावी लागते, गाडी त्यांची असते. अनोळखी पुरुषांनी भरलेल्या व्हॅनमध्ये तासभर बसणं जिच्या जिवावर येतं, तिला चालकाच्या जागी बाई दिसली तर केवढा फरक पडतो! मला विचाराल तर तीन दारांतलं हे सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे. निवृत्त होऊन मुलांकडे कायमचे आलेले, लायसन्स असलेले काका-मावशी यांनी याचा जरूर विचार करावा.

स्टँड डाउन

१९८८ मध्ये सॅन डिएगोत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी पहिलं स्टँड डाउन भरवलं. आता देशभर ठिकठिकाणी भरतात, एक ते तीन दिवसांची. मोकळ्या मैदानावर तंबू, आत केस कापणं, दात तपासणं, कपडे, व्हीएचे अर्ज, वकील. सॅन डिएगोत तर १९८९ पासून तिथेच न्यायालय बसायला लागलं, बेघरपणातून साचलेले किरकोळ दंड निकाली काढायला.

एकच शनिवार मोकळा आहे, मुलांना हायस्कूलसाठी सेवेचे तास हवेत, मंडळातल्या दहा-बारा जणांना एकत्र काहीतरी करायचंय: डोळे मिटून इथे जा. गणपतीत पाण्याच्या बाटल्यांपासून पार्किंगपर्यंत सगळं सांभाळलेल्या माणसाला इथे काही नवं शिकावं लागत नाही. फक्त ओळख फार वरवरची होते हे धरून चला. बायकांसाठी वेगळा तंबू आहे का, लहान मुलांना सांभाळायची सोय आहे का, हे आयोजकांना आधी विचारा. नसेल तर तेच काम मागून घ्या.

एक लक्षात ठेवा, नोंदणीच्या टेबलावर 'तुम्ही व्हेटरन का?' असं विचारलं तर अनेक बायका नाही म्हणतात. युद्धावर गेलो नाही म्हणजे आपण त्यांच्यात नाही, अशी त्यांची समजूत असते. 'तुम्ही कधी सैन्यात होता का?' असं विचारा. मग हळूच डीडी-२१४ हा नोकरी सोडल्याचा कागद आहे का ते विचारा. हरवला असेल तर नवी प्रत मागवायचा फॉर्म भरून देता येतो. सगळी चक्रं त्या एका कागदावर फिरतात.

व्हिसावर असाल तर

एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या मैत्रिणींसाठी हे महत्त्वाचं. पगार घेतला नाही म्हणजे सगळं चालतं, असं नाही. ज्या कामाला संस्था एरवी माणूस पगारावर ठेवते ते काम फुकट करणं अंगाशी येऊ शकतं. हिशेब लिहिणं, वेबसाइट सांभाळणं, केस मॅनेजरच्या हाताखाली फायली बघणं ही कामं नाकारा. गिफ्ट कार्ड, मानधन काही घेऊ नका. कपडे निवडणं, जेवण वाढणं, मुलांना शिकवणं ही वर्षानुवर्षं व्हॉलंटिअरच करत आलेत, ती करा. शंका वाटली तर वकिलाला विचारा, शेल्टरच्या मॅनेजरला नव्हे.

वेळ कुठल्याच दारात बसत नसेल, तर वस्तू देता येतात. सरकारी भाडे-व्हाउचर मिळालेल्या बाईच्या हाती बहुधा रिकाम्या अपार्टमेंटची किल्ली पडते. चादर, भांडी, पडदे, झाडू-बादली एवढा संच मंडळाने दिवाळीत जमवून दिला तर तो वाया जात नाही. कुठला संच हवा ते संस्थेकडून यादी घेऊन ठरवा, आपल्या माळ्यावर काय पडलंय त्यावरून नको.

कुठल्याही दाराने गेलात तरी एखादी बाई थेट तुम्हालाच विचारेल, आज रात्री झोपू कुठे? शब्द देऊ नका, घरी नेऊ नका. ८७७-४२४-३८३८ हा बेघर माजी सैनिकांसाठीचा व्हीएचा नंबर चोवीस तास चालू असतो. तो तिच्याबरोबर बसून लावा आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत तिथून उठू नका.